न तापणाऱ्या भट्टीचा इतिहास

मंडळी, या शनिवारी कोड नाही, डेटाबेस नाही. विषय आहे बेकरीतला गॅसचा ओव्हन, आणि तोही बंद पडलेला.

झालं असं की डोंबिवलीतल्या एका मित्राने दीड वर्षापूर्वी आयटीतली नोकरी सोडून बेकरी काढली. (हो, आपल्यापैकी प्रत्येकजण अप्रेजलच्या दुसऱ्या दिवशी बघतो ते स्वप्न. त्याने खरंच केलं.) त्याच्याकडे दोन मजली डेक ओव्हन आहे, सेकंडहँड, कमर्शियल सिलिंडरवर चालणारा. एका शुक्रवारी रात्री खालचा डेक तापेना. शनिवारी पहाटे चारला पावाची पहिली लादी निघाली पाहिजे, आठ हॉटेलांचा रतीब आहे. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, "अरे, तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? मल्टिमीटर आहे का तुझ्याकडे?"

गेलो. लक्षणं साधी होती. नॉब दाबून धरला, ठिणगी दिली की पायलट, म्हणजे ती करंगळीएवढी कायम तेवणारी ज्योत, पेटायची. बोट काढलं की विझायची. पुन्हा दाबा, पेटते, सोडा, विझते. मी तिथे पोचण्याआधी एक मिस्त्री येऊन गेला होता आणि त्याने उपाय सुचवला होता: "सेफ्टी काढून टाकतो शेठ, पाचशे रुपयांत डायरेक्ट करून देतो. सगळीकडे असंच चालतं." मित्र होय म्हणण्याच्या अगदी बेतात होता. पहाटे चार वाजता आठ हॉटेलं दारात उभी राहणार असतील तर कुणीही असेल.

ती 'सेफ्टी' म्हणजे नेमकी काय वस्तू आहे, हे शोधायला मी घरी आल्यावर बसलो आणि सरळ १८२१ सालात जाऊन पोचलो.

थॉमस योहान झेबेक हा मूळचा आजच्या एस्टोनियातल्या ताल्लिनचा, शिक्षणाने डॉक्टर, आवडीने भौतिकशास्त्रज्ञ, आणि रंगांच्या अभ्यासात कवी गटेचा साथीदार. त्याच्या आदल्याच वर्षी, १८२० मध्ये, डेन्मार्कच्या अर्स्टेडने दाखवलं होतं की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. सगळा युरोप सुया हलवण्याच्या मागे लागला होता. झेबेकने बर्लिनमध्ये तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंच्या पट्ट्या टोकाला जोडून वेटोळं केलं, मध्ये होकायंत्र ठेवलं. बॅटरी वगैरे काही नाही. तरी सुई हलली! एका सांध्याला हाताची ऊब लागली एवढंच कारण पुरलं होतं.

आता गंमत बघा. झेबेकने निष्कर्ष काढला की उष्णतेतल्या फरकामुळे धातू चुंबक होतात. त्यावरून त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही खुलासा करून टाकला: विषुववृत्त गरम, ध्रुव थंड, म्हणून पृथ्वी चुंबक. अर्स्टेड म्हणत होता की वेटोळ्यात वीज वाहते आहे आणि सुई त्या विजेने हलते, याला 'थर्मोइलेक्ट्रिसिटी' म्हणा. झेबेकला ते नाव पटलं नाही. शोध त्याचा, अर्थ दुसऱ्याचा. आज त्या परिणामाला नाव मात्र झेबेकचंच आहे, म्हणजे अर्स्टेड बिचारा बरोबर असूनही क्रेडिट्समध्ये नाही. आपल्या ऑफिसांत हे होतच असतं म्हणा.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. १८२६ मध्ये जॉर्ज ओहम त्याचे प्रयोग करत होता तेव्हा त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब सतत खाली-वर व्हायचा. पोगेनडॉर्फने त्याला सल्ला दिला की झेबेकची जोडी वापर. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं पक्की, म्हणून दाबही पक्का. त्या स्थिर दाबावर त्याने जे मोजलं ते आपण शाळेत 'ओहमचा नियम' म्हणून घोकलं. म्हणजे दोन धातूंचा हा तुकडा नसता तर दहावीच्या विज्ञान-१ मध्ये एक धडा कमी असता.

असो. तर ही जोडी, म्हणजे थर्मोकपल, मित्राच्या ओव्हनमध्ये पायलटच्या ज्योतीत टोक खुपसून उभी असते. ज्योतीत टोक लाल होतं आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस-तीस मिलिव्होल्ट मिळतात. घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके. एवढ्याशा विजेने होतं काय? ती गॅसच्या व्हॉल्व्हमधल्या एका चिमुकल्या विद्युतचुंबकाला मिळते, आणि तो चुंबक स्प्रिंगच्या विरुद्ध व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली, टोक गार झालं, वीज गेली, स्प्रिंगने झडप बंद केली. गॅस बंद. कुठे बॅटरी नाही, मेनची वीज नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच. जी ज्योत आहे की नाही हे तपासायचं, तीच ज्योत तपासणाऱ्याला वीज पुरवते. आपल्याकडे सर्व्हरला 'हार्टबीट' लावतात, वॉचडॉग टायमर लावतात, त्या सगळ्यांचा हा आजोबा. अमेरिकेत १९३० च्या दशकात अशा झडपा गॅसच्या उपकरणांत येऊ लागल्या.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची. त्या चुंबकात झडप *ओढून उघडण्याची* ताकदच नाही. एवढ्या मिलिव्होल्टमध्ये ते शक्यच नाही. तो फक्त उघडलेली झडप *धरून* ठेवू शकतो. उघडायचं काम तुमच्या बोटाचं. म्हणून तर नॉब वीस-तीस सेकंद दाबून धरायचा असतो! आपल्याला वाटतं ओव्हन जुना झाला, अडतोय. तसं नसतं, थर्मोकपल तापेपर्यंत चुंबकाचं काम आपण बोटाने करत असतो. आणि यामुळे एक फार मोठी गोष्ट साधते: माणूस समोर उभा असल्याशिवाय, त्याने ज्योत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, ही भट्टी पहिल्यांदा पेटूच शकत नाही. रात्री विझली तर आपोआप पुन्हा गॅस सोडत नाही.

म्हणजे मित्राच्या भट्टीचं न तापणं हेच तिचं काम होतं. ही यंत्रणा मुद्दाम अशी रचलेली आहे की तिच्यात कुठेही काहीही बिघडलं, तार तुटली, टोक झिजलं, नट सैल झाला, काजळी धरली, तरी बाहेरून एकच लक्षण दिसावं: थंड ओव्हन. गैरसोय पूर्ण, धोका शून्य. वैताग येतो तो याचाच, कारण वीस वेगवेगळ्या बिघाडांना एकच एरर मेसेज :-)

मिस्त्री जे 'डायरेक्ट' करून देणार होता त्यात ही झडप काढून सरळ नळी जोडली जाते. मग ज्योत विझली तरी गॅस चालूच. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट तर ब्यूटेन दुप्पट. तो वर उडून खिडकीतून जात नाही, तो फरशीवर पसरतो, पिठाच्या पोत्यांखाली, टेबलाखाली, जिथे रात्रपाळीची मुलं झोपतात तिथे. मित्राला मी एवढंच सांगितलं. वहिनी मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मग हॉटेलांना उद्या पाव नाही म्हणून मी सांगते." प्रश्न तिथेच मिटला.

वासाचीही एक गोष्ट आहे आणि ती या विषयातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. गॅसला आपण ओळखतो तो कुजक्या कोबीसारखा वास त्याचा स्वतःचा नसतो. नैसर्गिक वायूला वास नसतो. एलपीजीत मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन घालतात. टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावात तेलामुळे पैसा आला होता आणि गावाने मोठी शाळा बांधली होती. १९३७ च्या सुरुवातीला शाळेने गॅसचं बिल वाचवण्यासाठी विकत घेतलेला गॅस बंद केला आणि तेलकंपनीच्या टाकाऊ गॅसच्या पाइपला जोड घेतला. त्या भागात सगळेच करत. गॅसला वास नव्हता. तो शाळेच्या फरशीखालच्या पोकळीत साठत गेला. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीननंतर, शाळा सुटायला काही मिनिटं असताना, कार्यशाळेतल्या शिक्षकांनी लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं आणि ठिणगी पडली. सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. मुलांना आधी काही दिवस डोकेदुखीचा त्रास होत होता. कुणी फार लक्ष दिलं नाही. त्यानंतर काही आठवड्यांत टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं, मग इतरांनी. आज सिलिंडरमधून 'फुस्स' झाल्यावर आपण नाक मुरडतो, ते नाक मुरडणं त्या मुलांच्या जिवावर मिळालेलं आहे.

बरं, आता भट्टीकडे. समजा पायलट टिकतो, बोट काढलं तरी टिकतो, पण मोठा बर्नर पेटत नाही. मग संशयित बदलतो: थर्मोस्टॅट. याचाही इतिहास रंजक आहे.

गॅसवर स्वयंपाक ही कल्पना गॅसच्या दिव्यांची धाकटी बहीण. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनच्या गॅस कंपनीत काम करणाऱ्या जेम्स शार्पने १८२० च्या दशकात स्वतःच्या घरात गॅसची शेगडी बसवली आणि १८३६ मध्ये चक्क कारखाना काढला. १८४१ मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या नव्या मुदपाकखान्यात अलेक्सी स्वाये या फ्रेंच शेफने गॅसच्या शेगड्या लावल्या आणि ते स्वयंपाकघर बघायला लोक तिकीट काढावं तसे येऊ लागले. तरी सामान्य माणसाने पुढची चाळीस वर्षं गॅसला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. अन्नाला गॅसचा वास लागेल ही भीती. मग विजेचा दिवा आला, गॅस कंपन्यांच्या पोटावर पाय आला, आणि त्यांनी शेगड्या भाड्याने द्यायला, नाणं टाकून गॅस मिळणारे मीटर बसवायला सुरुवात केली. दिव्यातून हाकललेला गॅस चुलीत शिरला.

पण ओव्हन किती तापलाय हे कळायचं कसं? शतकानुशतकं भटारी हात आत घालून आकडे मोजायचे. किंवा चिमूटभर पीठ आत टाकून ते किती वेळात तांबूस होतं ते बघायचे. आपल्याकडच्या लाकडाच्या भट्टीवरचे जुने कारागीर आजही हाताने सांगतात आणि त्यांचा हात चुकत नाही. प्रश्न हा की हात विकता येत नाही.

१९२३ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिएशन लिमिटेड या कंपनीने 'न्यू वर्ल्ड' कुकरवर 'रेग्युलो' नावाचा थर्मोस्टॅट आणला. आत एक पितळेची नळी, नळीत इन्व्हार या मिश्रधातूचा दांडा. इन्व्हार म्हणजे लोखंड-निकेलचं असं मिश्रण जे तापल्यावर जवळपास वाढतच नाही, पितळाच्या पंधराव्या हिश्श्याइतकंच. शार्ल एदुआर गियोमने तो १८९६ मध्ये शोधला, मोजमापाच्या अचूक पट्ट्यांसाठी, आणि त्या कामाबद्दल त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ओव्हन तापला की पितळ लांबतं, दांडा आहे तेवढाच राहतो, आणि त्या फरकाने गॅसचं तोंड हळूहळू मिटतं. फूटभर नळी दोनशे अंशांनी तापली तर वाढते केवढी? जेमतेम एक मिलिमीटर. त्या एक मिलिमीटरवर अख्ख्या ब्रिटनचे केक फुगले. इंग्रजी पाककृतींत अजून 'गॅस मार्क ४' दिसतं ते रेग्युलोच्या चकतीवरचे आकडे आहेत. मार्क ४ म्हणजे साधारण १८० अंश सेल्सिअस. नोबेल मिळवणारा धातू तीन वर्षांत रोजच्या ओव्हनमध्ये! हल्लीचं तंत्रज्ञान फार वेगाने घराघरात पोचतं असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

मित्राच्या ओव्हनमध्ये दांड्याऐवजी तेल भरलेली बारीक बल्ब-नळी आहे. तेल फुगतं, पडदा ढकलतं, तत्त्व तेच. ती केसासारखी नळी ट्रे काढता-घालता कुठे पिचली की तेल जातं. मग थर्मोस्टॅटच्या प्रकारावर अवलंबून, एकतर भट्टी तापतच नाही किंवा तापायची थांबत नाही. दुसरं जास्त महाग पडतं.

अलीकडच्या ओव्हनांत पायलटची ज्योतच नसते. तिथे ज्योतीत एक धातूची काडी असते आणि तिच्यावर एसी दाब दिलेला असतो. ज्योत स्वतः वीज वाहते, पण एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी, कारण काडी छोटी आणि बर्नर मोठा. म्हणजे आग हा एक डायोड आहे! (हे वाचल्यावर मी रात्री एक वाजता बायकोला उठवून सांगितलं. तिने ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.) त्या काही मायक्रोअँपिअर डीसीवरून कंट्रोलर ओळखतो की खरी आग आहे. तार नुसती कुठे टेकून शॉर्ट झाली तर एसी मिळेल, डीसी नाही, म्हणून फसवणूक होत नाही. बेकरीत मात्र या काडीवर पिठाची धूळ आणि तुपाची वाफ मिळून पापुद्रा धरतो, आणि ओव्हन पाच सेकंद पेटून विझतो. काडी काढा, बारीक पॉलिश पेपरने पुसा, नव्वद टक्के वेळा खेळ खलास.

मित्राकडे त्या रात्री काय निघालं ते सांगतो. थर्मोकपलचं मागचं टोक झडपेतून सोडवलं, नॉब दाबून पायलट पेटता ठेवला आणि मल्टिमीटर लावला: नऊ मिलिव्होल्ट. टोक इतकं जळलं होतं की धातूचे पापुद्रे निघत होते. एवढ्याने चुंबक धरत नाही. नवीन थर्मोकपल शनिवारी दुकानं उघडल्यावर आणलं, काही शे रुपयांचा माल. बसवताना एकच काळजी: नट बोटाने घट्ट करून वर पाव फेरा पान्याने, बस. मिलिव्होल्टच्या राज्यात सांध्यावरचा थोडासा मळसुद्धा भिंतीसारखा असतो, आणि फार आवळलं तर टोकाचं इन्सुलेशन चेपतं.

पण खरा लांबलचक इतिहास आहे तो तिसऱ्या प्रकारचा: पायलट टिकतो, बर्नर पेटतो, सगळं निळंशार, आणि तरी भट्टी दीडशेच्या वर जात नाही. इथे दोषी असतं जेट, म्हणजे गॅस ज्या सुईच्या छिद्रातून बर्नरमध्ये येतो ते पितळी बोंडूक. १८५५ मध्ये हायडेलबर्गला बुन्सेन आणि त्याचा कारागीर पेटर देसागा यांनी गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळण्याची युक्ती पक्की केली, तेव्हापासून प्रत्येक बर्नर हा एका ठरावीक गॅससाठी कापलेला अंगरखा आहे. एक घनमीटर एलपीजीत एक घनमीटर नैसर्गिक वायूच्या अडीच-तीनपट उष्णता असते, म्हणून एलपीजीचं छिद्र बारीक. सिलिंडरवरचा ओव्हन तसाच पाइपच्या गॅसला जोडला तर छोटीशी गोंडस ज्योत मिळते आणि पाव पांढरे निघतात. उलटं केलं, तर काजळी आणि हातभर पिवळ्या ज्वाळा.

ब्रिटनने हा प्रश्न अख्ख्या देशासाठी सोडवला. तिथे दीडशे वर्षं कोळशापासून काढलेला 'टाउन गॅस' होता, हायड्रोजन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडने भरलेला. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. नवा वायू दुपटीने उष्ण, आणि त्याची ज्योत इतकी संथ की जुन्या बर्नरवरून उचलली जाऊन विझायची. मग १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं फिटर लोक गल्लीमागून गल्ली, घरामागून घर फिरले. सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहक, सुमारे ४ कोटी उपकरणं. प्रत्येकाचं जेट बदललं, बर्नर बदलले, बदलता येत नव्हतं ते दुसरं दिलं. आपण एक डेटाबेस मायग्रेशन करताना रविवारची रात्र मागतो.

आपल्याकडे मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, लालबागच्या गॅस कंपनीचा गॅस कोळशाचाच. स्वयंपाकाचा सिलिंडर १९५० च्या दशकात बर्मा शेलने मुंबईत आणला, पाइपचा नैसर्गिक वायू १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसने. बेकऱ्या मात्र बऱ्याचशा लाकडावरच राहिल्या. मग जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. धुराबद्दल वाद नाही, तो शेजारच्या मुलांच्या छातीत जातो. पण सहा महिने? विटांची भट्टी रात्रभर लाकूड खाते आणि मग घुमटाच्या पोटात साठवलेल्या उष्णतेवर पाव भाजते. आग बाजूला केली तरी ती तापलेलीच असते. गॅसचा ओव्हन क्षणाक्षणाला ज्योतीवर जगतो. कारागिराचा हात, पिठाचं पाणी, लादी लावायची वेळ, सगळं बदलतं. घाई झाली की जुने, स्वस्त, भलत्याच गॅसचे ओव्हन बाजारात येतात, आणि त्यांच्यामागोमाग पाचशे रुपयांत 'डायरेक्ट' करून देणारे मिस्त्री.

तुमच्या ओळखीत कुणी असा ओव्हन घेत असेल तर त्याला सांगा, मागच्या बाजूला पत्र्याची एक पाटी असते. तिच्यावर गॅसचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो, एलपीजी की नैसर्गिक, किती मिलिबार. बहुतेक वेळा तिच्यावर तुपाचा थर असतो. आधी तो पुसून पाटी वाचा, मग पैशाचं बोला.